कामाले इथं याले कोण शिकोते?

कल्पना,

तुझी तेरवी होऊन गेली, मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, आणि मी अजून तुझ्यावर चिडूनच आहे. भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी सवय जुनीच. सेंटरवर आपली जुंपली की तू मध्येच वार्निशचा डबा ढवळायला निघून जायचीस आणि मी रिकाम्या खुर्चीला पटवत बसायचे. पण तेव्हा थोड्या वेळानं पदराला हात पुसत परत यायचीस. "हं, का म्हणत होती तू?" या वेळी आलीच नाहीस. संध्याकाळी आपलं वाजलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या घरच्या दुकानात एका पंपाची मोटर खोलता खोलता कलंडलीस. डोक्यातली नस फुटली म्हणाले. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात तू शुद्धीवर न येताच गेलीस. लोक भेटायला येतात, फार वाईट झालं म्हणतात, मी मान हलवते. मनात एकच असतं, की हिनं मला उत्तर दिलं नाही.

उमरेड रोडवरच्या सेंटरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण दोघींनी आयुष्याचा मोठा तुकडा काढला. तू पोरापोरींना जळालेल्या मोटरी भरायला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायला, शिकवायचीस आणि मी शिकून तयार झालेल्यांना नोकरीला लावायचे. मोठ्या लोकांच्या सभेत याला कौशल्य विकास म्हणतात, त्यानं विभागाचं अर्थकारण उभं राहतं म्हणतात. तू म्हणायचीस, "आपण दोघी मिळून एक लग्न जुळवणारी बाई आहो वं. मी पोरगी तयार करते, तू स्थळ पाह्यते." मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणं सोडून इथं आले होते, त्यामुळे तुझ्या लेखी मी शहाणी होते, आणि शहाण्या माणसाला कोपरखळी मारल्याशिवाय तुला चहा जायचा नाही.

तू उमरेडच्या कोष्ट्याच्या घरची. बापाच्या मागासाठी कांड्या भरत मोठी झालीस. माग बसला, तेव्हा मागाचा खड्डा मातीनं बुजवून त्यावर तुझ्या भावानं फ्रीज ठेवला, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा हसत सांगितलंस. दुसऱ्यांदा सांगताना हसली नाहीस. सुताच्या जागी तांब्याची तार आली, एवढाच फरक, असं तुझं म्हणणं होतं. ते काही खरं नव्हतं. सुरुवातीला तू किती मोटरी जाळल्यास ते तुझ्या नवऱ्याला, रमेशभाऊंना, विचारावं. पण तार ओढताना तुझं बोट कुठं थांबायचं ते पाहून पोरं शिकायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि तुझी ती चहाची परीक्षा. लेखी झाली, प्रात्यक्षिक झालं, बाहेरून आलेल्या परीक्षकानं सही केली, तरी तुझ्या लेखी पोरगं पास नव्हतं. त्यानं आपल्या स्वतःच्या मोहल्ल्यातली एक बंद पडलेली वस्तू दुरुस्त करायची आणि मग त्या वस्तूच्या मालकानं सेंटरवर येऊन चहा प्यायचा. तू अद्रक कुटून चहा टाकायचीस आणि समोर बसून विचारायचीस, "आवाज येते का? गरम होते का? पुन्हा याच्याकडंच टाकसान का?" पोरं परीक्षकाला घाबरायची नाहीत, पण शेजारच्या काकूला घाबरायची. वरच्या ऑफिसातल्या एका साहेबानं मला विचारलं होतं की हा चहा कोणत्या खर्चात बसतो. मी म्हटलं, साहेब, मूल्यमापनात. तो लिहून घेत होता, तेवढ्यात तू मागून म्हणालीस, "साखर यायच्या खर्चात, पत्ती माह्या."

एकदा एक म्हातारा आला, आठवतं? धोतर, हातात काठी, पोटात राग. तुझ्या प्रश्नांना हो, हो म्हणत गेला. पंखा चालते? चालते. आवाज? नाही. गरम? नाही. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "पण बाई, पंखा हवा वर फेकते. छताले थंडी वाजून राहिली, अन् मी खाली उकडून राहिलो." पोरानं आतली जोडणी उलटी केली होती. तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. त्या पोराला तिथंच बसवून पंखा खोलायला लावलास, आणि म्हाताऱ्याला जेवून जा म्हणालीस. तो दर दिवाळीला चिवडा घेऊन यायचा. तुझ्या तेरवीलाही आला होता, काठ्या आता दोन झाल्यात.

आपल्या भांडणाचं मूळ तिथंच होतं, त्या चहात. तुझी परीक्षा मोहल्ल्याची होती आणि माझा हिशोब पगाराच्या चिठ्ठीचा. ज्यानं बाहेर नोकरी धरली आणि महिन्याच्या महिन्याला पगाराची चिठ्ठी पाठवली तो आमच्या अहवालात लागला. ज्यानं घराच्या ओसरीवर दुकान टाकलं, त्याला चिठ्ठी कोण देणार? तो गळतीत गेला. रामटेककडची ज्योती आठव. धानाच्या हंगामात तिच्या दारात पंपांची रांग लागायची, धाकट्या बहिणीलाही तिनं कामाला घेतलं होतं. अहवालात ती बेपत्ता. तू मला त्यावरून जे बोललीस ते इथं लिहिण्यासारखं नाही. नियम माझा नव्हता, पण शिव्या खायला मीच समोर होते. पुढे ज्योतीचं लग्न झालं, ती नवऱ्यामागे सुरतेला गेली आणि दुकानाला कुलूप लागलं. मी तुला म्हटलं, बघ, थांबणारीही थांबत नाही. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

पण चूक तुझीही होती, कल्पना, आणि ती तुला आतून खात राहिली. तुला ओळखीचं पोरगं नाकारता यायचं नाही. अमक्याच्या मायनं सांगितलं, तमकीच्या आत्यानं पाठवलं, असं करत एकाच वस्तीतली पोरं बॅचमागून बॅच आली. सगळी तुझ्या तालमीतली. बाहेर पडून सगळ्यांनी एकाच रस्त्यावर दुकानं टाकली, कारण घर तिथंच होतं आणि ओसरी फुकट होती. पहिलं दुकान तुझ्या पहिल्या बॅचमधल्या प्रवीणचं. सुरुवातीला त्याचं बरं चाललं. मग शेजारी दुसरं, समोर तिसरं. जळणाऱ्या मोटरी तेवढ्याच, भरणारे वाढले. भाव पडत गेला. पडत्या भावात टिकायचं म्हणून प्रवीणनं तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार भरायला सुरुवात केली. ऐन ओलिताच्या दिवसांत त्या मोटरी पुन्हा जळाल्या, शेतकरी दारात येऊन ओरडले, आणि एकाच्या पापानं सगळ्या रस्त्याचं नाव खराब झालं.

तू त्याच्या दुकानात गेलीस तेव्हा मी सोबत होते. टेबलावरचं बंडल उचललंस, नखानं तार खरवडलीस, आतून पांढरी निघाली तसं खाली ठेवलंस. प्रवीण म्हणाला, "मॅडम, तांबं भरलं तं मलेच काही उरत नाही. मी का खाऊ?" रिक्षात बसल्यावर तू रडायला लागलीस. त्या दिवशी मी तुला मागणी आणि पुरवठा समजावून सांगत होते, देवाशपथ, रडणाऱ्या बाईला मी मागणी-पुरवठा सांगत होते. तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, "ते सारं समजते मले. पोरायले काम शिकोतो आपण. पण कामाले इथं याले कोण शिकोते वं?"

त्याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नव्हतं, आजही सापडलेलं नाही. माणसं तयार झाली की उद्योग आपोआप येतात, असं मी वर्गात शिकवलं होतं. आपल्याकडे माणसं तयार झाली आणि उद्योग येण्याआधी तीच निघून गेली. प्रवीण चाकणला गेला. त्याच्यामागे समोरचा, मग शेजारचा. त्या रस्त्यावर आता मोबाइलची आणि बिर्याणीची दुकानं आहेत.

माझी बाजू मी तुझ्यापुढे कितीदा मांडली. पोरं बाहेर जातात म्हणून इथल्या मालकांना निदान पगार वाढवावा लागतो. घरी पैसा येतो, बहिणीची फी भरली जाते, बापाचं ऑपरेशन होतं. हे खोटं नाही. तू म्हणायचीस, "पैसा येते वं, मी कुठं नाही म्हणते? पण त्या पैशाचं होते का? शहराबाहेर बेसात फ्लॅट होते. फ्लॅटात राह्यते कोण? म्हातारा-म्हातारी. अन् खाली गेटवर वॉचमन कोण? माहा नवरा." रमेशभाऊ खरंच पॉवरलूमवरचं काम सुटल्यावर तिथं रखवालदारी करत होते. हे तू हसत म्हणायचीस, म्हणून मला आणखी बोचायचं.

एकदा मात्र मी तुला गप्प केलं होतं. उन्हाळ्याची दुपार, लाइट गेलेली, पोरं झाडाखाली पांगलेली. तू आपल्या बापाच्या मागाबद्दल बोलत होतीस, घरचं काम घरात राहिलं असतं तर काय झालं असतं. माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुह्या बापाले मागाचा अभिमान होता, कल्पना. माह्या आजोबाले गावानं जे काम लावून देलं होतं, ते त्यानं मागतलं नव्हतं. ते छप्पन साली दीक्षेले उभे राह्यले अन् मंग गाव सोडलं, म्हणून आम्ही शिकलो. इथंच राहा, गावाचंच काम करा, हे ऐकलं की माह्या अंगावर काटा येते." तू बराच वेळ पुठ्ठ्यानं वारा घेत राहिलीस. मग म्हणालीस, "हे तुहं खरं आहे. मले हे समजाले पायजे होतं." आणि थोड्या वेळानं, "पण मी पोरायले कोणाच्या हाताखाली राहा म्हणत नाही. सोताचं दुकान टाक म्हणते. सोताचं अन् लादलेलं, यात फरक आहे न?" फरक होता. मी म्हटलं, हो, आहे. त्या दुपारी आपण दोघी एकमेकींच्या जितक्या जवळ होतो तितक्या पुन्हा कधी झालो नाही, असं मला आज वाटतं.

आता त्या शेवटच्या संध्याकाळकडे येते. टाळत होते.

दक्षिणेतल्या एका कारखान्याला आपली मुलींची अख्खी बॅच पाहिजे होती. राहायला हॉस्टेल, न्यायला-आणायला बस, पगार वेळेवर. वरून मला सांगण्यात आलं होतं की ही बॅच लागली तर सेंटर पुढं चालेल, नाही तर कठीण आहे. तू म्हणालीस, "पूर्ण बॅच नाही देत मी. ज्यायले जायचं त्या जातीन, ज्यायले राह्यचं त्यायच्यावर जोर नाही करायचा." तू म्हणालीस, मोटर भरायला शिकलेल्या पोरी तिथं सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या राहून दिवसभर एकच स्क्रू पिळतील, मग आपण शिकवलं कशाला? तू विदर्भाचं नाव घेतलंस, इथल्या पाण्याचं, इथल्या विजेचं, इथं धूर आणि तिथं उजेड, सगळं. तुझं खोटं नव्हतं. पण त्या बॅचमध्ये तुझी रूपाली होती, आणि तिनं जायचं म्हटलं होतं, आणि घरी तुमच्या दोघींत अबोला होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "विदर्भाचं नाव कायले घेते? तुले तुही पोरगी जवळ पायजे, एवढंच म्हण न."

तू पिशवी उचललीस. दारात थांबलीस, चप्पल घातलीस. "असन," म्हणालीस. "मंग? ते काही अर्थशास्त्रात बसत नाही का?" आणि गेलीस.

मी चुकले, असं मी म्हणणार नाही. तुझ्या मागं तुझ्या पायाशी लोळण घेणारी मैत्रीण तुला आवडली नसती, आणि मला तसं वाटतही नाही. मी बोलले ते खरं होतं. तू बोललीस तेही. पण त्यानंतर आपण काहीतरी बोललो असतो, कल्पना. सकाळी तू आली असतीस, आधी चहा टाकला असतास, आणि आपण त्या पोरीचं काहीतरी ठरवलं असतं. ते काय असतं, हेच मला कळत नाही.

दवाखान्यात मी आणि रमेशभाऊ बाहेरच्या बाकावर बसून होतो. धंतोलीत तू कधी आलीस की म्हणायचीस, "नागपुरात पीक एकच, दुसऱ्यायचं आजारपण." बाकावर आमच्या एका बाजूला गडचिरोलीचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला वणीचं. डबे, चटया, पाण्याच्या बाटल्या. कोणाच्या तरी नातेवाइकानं रमेशभाऊंना विचारलं, पेशंट कोण? ते म्हणाले, "घरची." मग बऱ्याच वेळानं, कोणी न विचारता, "मोटर भरते ते." भरते म्हणाले. डॉक्टरनं नंतर आत बोलावलं तेव्हा रूपाली पुढं झाली, मी मागं थांबले.

तुला न्यायला माणसं कमी पडली. हे तुला सांगावं की नाही याचा मी फार विचार केला. इतक्या पोरांना तू शिकवलंस, आणि तिरडीला खांदा द्यायला रमेशभाऊंच्या सोसायटीतले दोन वॉचमन, तुझा भाऊ, आणि कोपऱ्यावरचा पानठेलेवाला. फोन मात्र थांबत नव्हते. चाकणहून, हैदराबादहून, एक तर थेट दुबईहून. प्रवीण फोनवर लहान पोरासारखा रडला. "मॅडमले शेवटचं पाह्यचं होतं, सुट्टी नाही भेटून राहिली." कोणीतरी व्हिडिओ लावला आणि घाटावर एक जण फोन उंच धरून उभा राहिला, म्हणजे सगळ्यांना दिसावं. मी त्या छोट्या छोट्या चौकटींतले चेहरे पाहिले. डोक्यावर पिवळ्या टोप्या, मागे मशिनं. सगळे नोकरीला होते. माझ्या अहवालाप्रमाणे त्यातला एकही गळतीतला नव्हता.

तेरवीनंतर रूपाली माझ्याकडे आली. कारखान्यानं थोडे दिवस वाढवून दिले होते. ती खुर्चीत बसली नाही, तुझ्यासारखीच टेबलाला टेकून उभी राहिली. "मावशी, आईनं शेवटी का ठरवलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला राहा म्हणाली होती, असं सांगितलं असतं तर ती राहिली असती. जा म्हणाली होती, असं सांगितलं असतं तर हलक्या मनानं गेली असती. मी म्हटलं, "मले नाही माहीत. आमचं त्याच्यावरूनच भांडण झालं, अन् ते संपलं नाही."

ती खाली पाहत होती. "मी आईच्या दुकानात बसली तं लोक मोटर आईलेच देतीन, मले नाही. प्रत्येक जण म्हणन, तुह्या आईचा हात वेगळा होता. मले ते नाही होत." मग म्हणाली, "पण बाबा एकटे राहतीन. अन् दुकान..." तिनं मान वर केली. "मावशी, आईचं नका सांगू. तुमचं सांगा."

माझं काय होतं? इतकी वर्षं मी पोरांना जा म्हणत आले. माझ्या घरानं मला तेच शिकवलं, निघ, मागं पाहू नको. पण त्या क्षणी माझ्या तोंडात तुझा शब्द आला होता. थांब. मी तो गिळला. आणि म्हटलं, "जा."

ती माझ्या गळ्यात पडली. मीही रडले. आपल्या दोघींपैकी कोणासाठी, ते मला विचारू नकोस.

रमेशभाऊंना सांगायला गेले तर ते गेटवरच्या खुर्चीतून उठून उभे राहिले, मी कोणी मोठी बाई असल्यासारखे. "जाऊ द्या, बाई. इथं राहून का करन?" मग रजिस्टर सरकवून मला बसायला जागा केली. "तिची माय असती तं नसती जाऊ देत. का जाऊ देली असती? तुमाले का वाटते?" मी म्हटलं, मला नाही सांगता येत. ते म्हणाले, "मलेही नाही. चोवीस तास सोबत राहो, पण तिच्या पोटातलं काही समजे नाही."

स्टेशनवर तुझ्या बॅचच्या सगळ्या पोरी होत्या. नवीन बॅगा, केसांत गजरे, आया डबे देताहेत, बाप पाण्याच्या बाटल्या भरायला धावताहेत. लग्नाच्या वऱ्हाडाची गडबड असते तशी. रूपालीनं तुझी तार ओढायची ती जुनी पकड बॅगेत घातली होती. तिथं तिला ती काही कामाची नाही, हे तिलाही माहीत आहे, मलाही. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर नुसते आईबापच उरले.

सेंटर तूर्त वाचलं आहे. वरून शाबासकीही आली. मी ती वाचली आणि मोबाइल उलटा ठेवला.

परवा रूपालीचा फोन आला. मागं कँटीनचा गलका. आवाज असा मोकळा की मी तिचा म्हणून ओळखलाच नाही. "मावशी, इथं मी एकटी बाजारात जाते. कोणाची पोरगी, कोणत्या मोहल्ल्यातली, कोणी विचारत नाही." मग तिनं हळूच विचारलं, "दुकान बाबांनी उघडलं होतं का?" मी म्हटलं, झाडून घेतलंय, काळजी करू नको. खरं सांगायचं तर त्यांनी शटरला हातही लावलेला नाही. ती खूश आहे, कल्पना. हे तुला सांगायलाच हवं होतं. तू जिच्यासाठी माझ्याशी भांडलीस ती पोरगी खूश आहे, आणि ती खूश आहे म्हणून मला तुझी बाजू हरली असंही म्हणता येत नाही, माझी जिंकली असंही नाही.

आणि काल मी तुझ्या घरी गेले होते, रमेशभाऊंना डबा द्यायला. ते कामावर निघून गेले होते. परत फिरणार तेवढ्यात एक माणूस स्कूटर ओढत आला. पायदानावर सुतळीनं बांधलेली पाणबुडी मोटर. उमरेडकडच्या एका खेड्यातला. मिरची लावली होती, रोपं उन्हात उभी होती, आणि मोटर पहाटेच जळाली होती. बंद शटर पाहून त्यानं मला विचारलं, "ताई नाही का घरी?"

त्याला माहीत नव्हतं. मला सांगावं लागलं. त्यानं डोक्याचा दुपट्टा काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. "अरे बाप्पा," म्हणाला. "माह्या बापाच्या वेळची मोटर त्यायनंच भरून देली होती." मग जरा थांबून, चाचरत, "पण त्यायनं शिकवलेलं असन न कोणी? एवढे पोरं शिकवले म्हणे त्यायनं."

मी म्हटलं, "आहेत न. खूप आहेत. सारे चांगले कारागीर आहेत."

"कुठं बसतात?"

मी सांगायला लागले. तुझ्या पोरांची नावं मला तोंडपाठ आहेत, कोणाला कुठं लावलं तेही. प्रवीण चाकणला. त्याच्या शेजारचा हैदराबादला. एक दुबईला. ज्योती सुरतेला. रूपाली आणि तिच्या मैत्रिणी तिकडं दक्षिणेत. मी सांगत गेले आणि तो लक्ष देऊन ऐकत गेला, मान हलवत, माझं संपेपर्यंत. त्याला वाटत होतं की शेवटी एखादं नाव जवळचं येईल. मग त्यानं मोटरीवरची सुतळी पुन्हा घट्ट केली.

"बाई," तो म्हणाला, "एवढ्या दूर मोटर कशी नेऊ मी?"